काचेबाहेरची हाक

डबल मिस्त्री अंगाने इतके काटकुळे होते की त्यांना कुणी डबल म्हणतंय हे ऐकून नव्या माणसाला हसूच यायचं. पण ते नाव धंद्यावरून पडलेलं. ते घरगाड्यांना दुहेरी काचेच्या खिडक्या बसवायचे. घरगाडी म्हणजे जिच्या पोटात पलंग, ओटा, मोरी असं अख्खं बिऱ्हाड मावतं आणि जी घेऊन लोक महिनोन्‌महिने फिरतात ती गाडी. शहर संपतं तिथे ट्रक तोलायचा वजनकाटा होता आणि त्याला लागून मिस्त्रींची पत्र्याची शेड. आत मधोमध लांब टेबल, त्यावर काच टेकवायला अंथरलेलं जाड कापड, भिंतीशी ओळीने उभ्या केलेल्या काचा, आणि दाराशी उजेडात शिलाई मशीन घेऊन बसलेली त्यांची बायको. ती गाड्यांचे पडदे शिवायची, आणि शिवता शिवता मिस्त्रींच्या दर तिसऱ्या वाक्यावर शेरा मारायची.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मिस्त्री, डबल काच घ्यावी का? खरंच उपयोग होतो, की नुसतं खूळ?"

आणि इथे मिस्त्रींना मानलं पाहिजे. गिऱ्हाइकाला उगाच चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "वर्षातून दोनदा, तेही चांगली हवा बघून फिरणार असाल तर नका घेऊ," ते सरळ सांगायचे. "काच जड, म्हणून चौकट जड, म्हणून गाडी जड. खड्ड्यांतून आपटून आपटून कडेचं सील एखाद्या वेळी सुटतं. मग दोन काचांच्या मधे धुकं साठतं, आणि ते ना आतून पुसता येतं ना बाहेरून. पण थंडीत राहणार असाल, आत स्वयंपाक करणार असाल, तर एकेरी काचेला सकाळपर्यंत एवढा घाम सुटतो की गादीची कड ओली होते. डबलला तो ताप नाही. उन्हातसुद्धा आत भट्टी होत नाही."

यातलं अक्षर न्‌ अक्षर खरं होतं. पुढचा प्रश्न मात्र अवघड होता. "आणि बाहेरचा आवाज?"

आवाज थोडा कमी होतो, हे खरं उत्तर. पण 'थोडा' या शब्दाला बाजारात कुणी विचारत नाही. त्यामुळे मिस्त्रींनी या प्रश्नापुरता आपला एक खेळ बसवला होता. तो त्यांनी ठरवून बसवला नव्हता, हेही सांगायला हवं. एकदा हिवाळ्यात त्यांचा घसा पार बसला होता. एका गिऱ्हाइकाला गाडीत बसवून, खिडकी लावून, ते बाहेरून ओरडून दाखवायला गेले तर घशातून हवाच आली. नुसतं तोंड वासलं गेलं. आतला माणूस मात्र खूश होऊन खाली उतरला. "कमाल आहे! तुम्ही एवढं कोकलताय आणि आत चिडीचूप!" त्याने सगळ्या खिडक्या डबल करून घेतल्या. मिस्त्री काही बोलले नाहीत. बोलायला आवाज कुठे होता?

पुढे घसा बरा झाला, पण खेळ राहिला. वजनकाट्यावर ट्रक नाही अशी वेळ बघायची, गिऱ्हाइकाला आत बसवायचं, आणि आपण खिडकीशी उभं राहून गळ्याच्या शिरा ताणून, तोंडाचा हा एवढा आ करून, आवाज न काढता ओरडायचं. मिस्त्री ते असं झकास करायचे की नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं.

"झालं तुमचं मुक्याचं सोंग?" बायको मशीनवरून मान न उचलता विचारायची.

"अगं, त्याने कुणाचं काय नुकसान होतंय? काच चांगलीच आहे ना?"

"काच चांगली आहे. तुम्हीच एकेरी आहात."

यावर मिस्त्री हसायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, आणि खरोखरच कुणाचं काही नुकसान झालं नव्हतं.

एके दिवशी एक मास्तर आणि त्यांची बायको आपली गाडी घेऊन आले. मास्तर शाळेत कवायत शिकवायचे, नुकतेच निवृत्त झालेले. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराची पाठ सरळ करणारा आवाज. शेडमध्ये ते साधं "नमस्कार" म्हणाले तर भिंतीशी टेकलेल्या काचा थरथरल्या. बाई अगदी उलट. हळू बोलणाऱ्या, पदराशी चाळा करणाऱ्या. गाडी घेऊन देशभर फिरायचं हे मास्तरांचं नोकरी लागल्यापासूनचं स्वप्न होतं, आणि ते बाईंच्या झोपेपाशी अडलं होतं.

"मला खुट्ट झालं तरी जाग येते," बाई मिस्त्रींना म्हणाल्या. "कुठल्या तरी माळावर गाडी लावायची, बाहेर कोण फिरतंय, काय फिरतंय. मला नाही हो डोळा लागायचा. ह्यांना सांगून दमले."

"म्हणून तर इथे आणलंय तुला," मास्तर म्हणाले. मग त्यांनी मिस्त्रींना पंधरा प्रश्न विचारले आणि मिस्त्रींनी पंधराही उत्तरं खरी दिली. सोळावा प्रश्न बाईंनी विचारला. तो आवाजाचा होता.

नमुन्याची एक डबल खिडकी मिस्त्रींनी गाडीच्या बाजूला बसवली. नेहमी ते नवरा-बायको दोघांनाही आत बसवत. या वेळी मास्तर आधीच खाली उतरून म्हणाले, "मी बाहेरून बघतो, तू बस." मिस्त्रींची पंचाईत झाली. बाहेर साक्षीदार असताना सोंग कसं करणार? पण बाई आत खिडकीशी येऊन बसल्यासुद्धा होत्या, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारख्या. मिस्त्रींना सवयच इतकी झाली होती की त्यांचं तोंड आपसूक उघडलं, शिरा ताणल्या, आणि आवाज निघाला नाही.

मास्तरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांना काही उमजेना. मग उमजलं, आणि मिशीत हसू आलं. मिस्त्रींना वाटलं, आता हा माणूस आपलं बिंग फोडणार. पण मास्तर दोन पावलं पुढे आले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले, मैदानावर धरत तसे, आणि मिस्त्रींपेक्षाही मोठा आ करून बिनआवाजाचे ओरडले. "अगं!"

आतून बाईंनी कानाला हात लावला, मान हलवली, आणि हसल्या. मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं. अगं! बाई आता खदखदून हसत होत्या. त्यांचं हसू मात्र काचेतून स्पष्ट ऐकू येत होतं. ते मिस्त्रींनी ऐकलं आणि मास्तरांनीही ऐकलं.

"राहू दे, मिस्त्री," मास्तर बायकोकडे बघत, ओठ फारसे न हलवता, अगदी हळू म्हणाले. "तिची एकदा खात्री पटली की ती झोपेल. काचेने नाही तर खात्रीने झोपेल. हे आपल्या दोघांत."

मिस्त्रींना तो माणूस फार आवडला. इतक्या वर्षांत त्यांच्या सोंगात कुणी सामील झालं नव्हतं. काम तीन दिवस चाललं, आणि तिन्ही दिवस मास्तर टेबलाशी बसून गप्पा मारत राहिले. निघताना बाईंनी मिस्त्रींच्या बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता मी कुठेही जाईन." बायकोने मिस्त्रींकडे एक नजर टाकली. या वेळी तिने शेरा मारला नाही, आणि ते मिस्त्रींना जरा लागलं.

आठ-नऊ महिने गेले. एका दुपारी एक ठेकेदार आपली नवीकोरी गाडी घेऊन आला. प्रश्न नाहीत, घासाघीस नाही. "तुमची ती डबल काच सगळीकडे बसवा," तो म्हणाला. "तुमच्या काचेची कीर्ती ऐकूनच आलोय."

"कुणाकडून?"

"आम्ही गाड्या लावतो तिथे सगळे बोलतात. कुणी एक कवायतीचे मास्तर होते. छपरावर चढले होते म्हणे कसलं तरी झाकण बघायला, तिथून पडले. गाडीच्या मागे पडून तासभर बायकोला हाका मारत होते. आणि ती आत बसलेली, हातभर अंतरावर. तिला काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही! गेले बिचारे. पण काच बघा काय चीज असेल!"

मिस्त्रींच्या हातात मोजपट्टी होती. ती खिडकीच्या चौकटीला लावलेलीच राहिली. किती माप आलं ते त्यांना दिसेना. मशीनची घरघर थांबली होती. ठेकेदार आणखी काय काय सांगत होता, आणि मिस्त्रींना त्याचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं.

त्या दिवसापासून मिस्त्रींच्या मागे काहीतरी लागलं. भूत म्हणावं तर ते कधी दिसलं नाही. दिसायची ती तोंडं. रस्त्यावरून जाताना बंद गाडीत कुणी बोलताना दिसलं की त्यांचे पाय थबकायचे. केशकर्तनालयाच्या काचेआड न्हावी गिऱ्हाइकाशी बोलत असायचा, आणि हे बाहेर उभे राहून त्याच्या ओठांकडे बघत राहायचे, तो मदत मागत नाही ना याची खात्री पटेपर्यंत. न्हाव्याने एकदा दार उघडून विचारलं, "मिस्त्री, कापायचेत का?" मिस्त्रींनी डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेले.

मग हाका सुरू झाल्या. टेबलावर एक काच ठेवावी, कडेने पट्टी लावावी, दुसरी काच अलगद वर टेकवावी, आणि नेमक्या त्या क्षणी, दोन काचा मिटता मिटता, मधून कुणीतरी बोलल्यासारखं व्हायचं. "अगं." मिस्त्री काच पुन्हा उचलायचे. आतली बाजू पुसायचे. पुन्हा ठेवायचे. एकेका खिडकीला अर्धा दिवस जायला लागला. कधी ते बसल्या जागी मोठ्याने "ओ!" म्हणायचे, आणि आलेलं गिऱ्हाईक दचकायचं.

"कुणी बोलावलं तुम्हाला?" बायको विचारायची.

"तू हाक मारलीस ना?"

"मी नाही मारली."

एकदा वारा सुटला होता, पत्रा वाजत होता. मिस्त्री हातातलं सगळं टाकून शेडच्या मागे धावत गेले. तिथे जुन्या चौकटींचा ढीग होता आणि एक कुत्री ऊन खात पडली होती. ते बराच वेळ त्या कुत्रीपाशी उभे राहिले. परत आले तेव्हा बायकोने मशीन बंद केलं होतं आणि ती त्यांची वाट बघत होती.

"जा आणि त्या बाईंना सांगून या," ती म्हणाली.

"काय सांगू? आवाज जातो म्हणून सांगू? अगं, आज ती स्वतःला समजावत असेल की काच होती, ऐकू आलं नाही, माझा काय इलाज. तेवढाच तिला आधार. तोही काढून घेऊ?"

"आधार तुम्हाला हवाय. तुम्हाला भीती वाटते ती काय म्हणेल याची."

"वाटते. वाटते भीती!" मिस्त्री ओरडले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण ते बायकोवर पहिल्यांदाच असे ओरडले. आणि मग खाली बसून रडले. तोंड दाबून, आवाज न करता रडायला गेले, पण ते त्यांच्याने झालं नाही. बायको उठून जवळ आली आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

मिस्त्री गेले नाहीत. त्यांनी डबल काचेचं काम घेणं बंद केलं, एवढंच. ठेकेदारासारखे पाच-सहा जण कीर्ती ऐकून आले, त्यांना परत पाठवलं. "काच आवाज अडवत नाही," ते आता प्रत्येकाला सांगायचे. "कुणी काही सांगितलं तरी विश्वास ठेवू नका." लोकांना वाटायचं, म्हातारा विनय करतोय.

आणि मग एका सकाळी मास्तरांची गाडी शेडपुढे येऊन उभी राहिली.

भाचा चालवत होता. तो वजनकाट्याकडे चहा प्यायला गेला, आणि बाई एकट्याच आत आल्या. वाळल्या होत्या. पदराशी चाळा मात्र तोच होता. मिस्त्रींच्या बायकोने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. मिस्त्री टेबलाच्या पलीकडेच उभे राहिले, हात कापडावर टेकवून.

"तुम्हाला कळलंच असेल," बाई म्हणाल्या.

"कळलं."

"तिथे एक ओढा आहे. पलीकडे माळ. थंडी मरणाची होती, म्हणून खिडक्या गच्च लावलेल्या. छपराची झडप तेवढी बोटभर उघडी. हे उठून बाहेर गेले. रोज फिरायला जायचे, तास दीड तास. म्हणून मी शोधलं नाही." बाई सरळ सांगत होत्या, खूप वेळा सांगून झाल्यासारखं. "मी आत स्वेटरची बाही उसवत बसले होते. आणि मला एक आवाज आला, मिस्त्री. बारीक. लांबून आल्यासारखा. 'अगं.' मग थोड्या वेळाने पुन्हा. 'अगं.' "

मिस्त्रींनी टेबलाची कड घट्ट धरली.

"ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. अगं म्हणायचे. पण अगं काय, सगळ्या जगाच्या बायकांना अगंच म्हणतात. आणि ह्यांचा आवाज असा बारीक कधीच नव्हता. शिवाय मी तुमच्याकडे बघितलंच होतं ना! तुम्ही, हे, दोघंही खिडकीला तोंड लावून ओरडत होतात आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. म्हटलं, जवळचं असतं तर काचेने अडवलं असतं. हे वरून, झडपेतून येतंय, वाऱ्याबरोबर. ओढ्यापलीकडे वस्ती असेल, कुणीतरी आपल्या बायकोला बोलावत असेल." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि मी मनात म्हटलं, काय मेली बहिरी बाई आहे. माणूस केव्हाचा हाका मारतोय, ओ का देत नाही?"

मशीनवरचा पडदा खाली घसरला. मिस्त्रींच्या बायकोने तो उचलला नाही.

"दीड तास उलटला तशी बघायला उतरले, तेव्हा हे गाडीमागे सापडले. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. बरं. ते झालं. आता मी तुम्हाला एकच विचारायला आलेय. मला हल्ली बाहेरचं सगळं ऐकू येतं. माणसं बोलतात, सायकलची घंटा वाजते, सगळं. मग माझ्या लक्षात आलं, पलंगाजवळच्या खिडकीत मधे धुकं धरलंय. तुम्ही म्हणाला होतात तसं. म्हणजे सील गेलंय. हो ना? ते कधी गेलं ते तुम्हाला सांगता येईल? त्या दिवसाआधी, की नंतर?"

"का?" मिस्त्रींनी विचारलं. का ते त्यांना ठाऊक होतं.

"नंतर गेलं असेल तर त्या दिवशी काच पक्की होती. मग ह्यांची हाक माझ्यापर्यंत पोचलीच नाही. जी ऐकली ती दुसऱ्या कुणाची." बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "मग माझा दोष नाही."

मिस्त्री बॅटरी घेऊन गाडीत चढले. आत सगळं नीटनेटकं होतं. दाराशी मास्तरांची शिट्टी खुंटीला टांगलेली. पलंगाजवळच्या खिडकीत, खालच्या कोपऱ्यात, दोन काचांच्या मधे तळहाताएवढं धुकं होतं. त्यांनी उजेड तिरका धरला. धुक्याची कड मऊ होती, काचेवर अजून पांढरा डाग पडला नव्हता. फार तर दोन महिन्यांचं. मास्तर जाऊन पाच महिने झाले होते.

म्हणजे खरं उत्तर 'नंतर' हेच होतं. आवाजाचा आणि सीलचा तसा काही संबंध नव्हता, पण ते त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. खोटं न बोलता सुटता येत होतं, आणि बाईही सुटत होत्या. ते खाली उतरले.

"नंतर गेलंय," ते म्हणाले. "खात्रीने नंतर."

बाईंनी डोळे मिटले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. "देवा," त्या म्हणाल्या, "देवा." मग पदराने तोंड पुसलं आणि पाण्याचा पेला उचलला. मिस्त्रींना वाटलं, झालं. आता भाचा येईल, गाडी जाईल. त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं.

पेला अर्धाच पिऊन बाईंनी खाली ठेवला. "पण मग एक मला कळत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ओढ्यापलीकडे वस्ती नाहीये, मिस्त्री. मी भाच्याला घेऊन जाऊन आले. चारही बाजूंनी फिरले. घर नाही, झोपडी नाही, नुसता माळ. मग ती हाक कुणाची होती?"

मिस्त्रींनी हातातली बॅटरी टेबलावर ठेवली.

"हे गेल्यानंतर मारत होते का? असं असतं का हो? कारण मला ती अजून येते. ओट्याशी उभी असले की येते. मी दार उघडून बघते. दिवसातून दहादा उघडते. भाचा म्हणतो, मामी, डॉक्टरांना दाखवू. मी म्हटलं, आधी मिस्त्रींना विचारते. काचेतलं त्यांना कळतं."

हे शेवटचं वाक्य त्या इतक्या विश्वासाने म्हणाल्या की मिस्त्रींना तोंडात मारल्यासारखं झालं. ही बाईसुद्धा दारं उघडत होती. आपण शेडच्या मागे धावतो, ही दार उघडते. आणि आपल्याला निदान हाक कुणाची ते माहीत आहे. हिला तेही नाही.

"बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "त्या दिवशी मी ओरडलोच नव्हतो."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्ही आत बसला होतात तेव्हा. मी नुसतं तोंड उघडलं होतं. आवाज काढलाच नव्हता. मी सगळ्यांना तसंच करून दाखवायचो. काच आवाज अडवत नाही, बाई. थोडा कमी करते. बारीक करते. लांबचा वाटायला लावते. बस, एवढंच."

बाईंना ते पोचायला वेळ लागला. "पण हे ओरडले होते," त्या म्हणाल्या. "मी बघितलं. हात असे धरून."

"ते पण नुसतंच. माझं सोंग त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणाले, राहू दे, तिची खात्री पटली की ती झोपेल. तुमच्या झोपेसाठी केलं त्यांनी. मी त्यानंतरही तुम्हाला सांगायला हवं होतं. तीन दिवस होतात तुम्ही इथे. मी सांगितलं नाही. चूक माझी आहे. ती हाक त्यांचीच होती, आणि तुम्ही उठला नाहीत ते माझ्यामुळे. तुमचा दोष नाही."

ते बोलून मोकळे झाले, आणि खरोखर मोकळे झाले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास आला. त्यांना वाटलं, आता बाई ओरडतील, शिव्या देतील, पेला फेकून मारतील. मारू देत. त्यांनी मान खाली घातली.

बाई ओरडल्या नाहीत. त्या समोर उभ्या केलेल्या काचांकडे बघत होत्या. पदरावरची बोटं थांबली होती.

"म्हणजे ह्यांना माहीत होतं," त्या सावकाश म्हणाल्या.

"काय?"

"की मला आत ऐकू येतं."

मिस्त्रींनी मान वर केली. इतक्या दिवसांत, इतक्या हाका ऐकून, इतक्या काचा पुसून, त्यांच्या हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ह्यांना माहीत होतं मला ऐकू येतं," बाई पुन्हा म्हणाल्या. "आणि हे हाका मारत होते. आणि मी येत नव्हते. मग ह्यांना काय वाटलं असेल हो?"

मिस्त्रींनी उत्तर शोधलं. जीव तोडून शोधलं. "त्यांना वाटलं असेल तुम्ही झोपलात," ते घाईघाईने म्हणाले. "काच त्यासाठीच तर बसवली होती. वाटलं असेल, बरं झालं, हिला एकदाची गाढ झोप लागली. ते तसेच होते, बाई. ते मनातून हसलेसुद्धा असतील."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर मिस्त्रींना चाललं असतं.

"मधे उठून मी चहा टाकला होता," त्या म्हणाल्या. "भांडी वाजत होती. रेडिओ लावला होता. काच थोडाच आवाज अडवते म्हणालात ना? मग माझा आवाज बाहेर जात असेल, मिस्त्री. मी जागी आहे हे ह्यांना ऐकू येत असेल."